मित्रदेशाची लष्करी मदत अडवून राष्ट्राध्यक्षानं दबाव आणावा का?

निपाणीकर: कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला हा विषय आलाय. युक्रेनचं २०१९ चं प्रकरण वरवर माहीत आहे. मदत ‘अडवली’ म्हणजे नेमकं काय केलं, आणि त्यात बेकायदा काय होतं? जाणकारांनी सांगावं.

खानापूर_राज्यशास्त्र: अमेरिकेच्या काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) युक्रेनसाठी सुमारे ३९ कोटी १० लाख डॉलर मंजूर केले होते, २५ कोटी संरक्षण खात्याकडून, बाकीचे परराष्ट्र खात्याकडून. पण मंजूर पैसा खात्याला खर्चता येतो तो व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं वाटपपत्रक दिल्यावर. २५ जुलैला संरक्षण खात्याच्या पत्रकात तळटीप घालून खर्च थांबवला, आणि ती मुदत वाढवत नेली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी युक्रेनच्या झेलेन्स्कींकडे फोनवर, २०२० च्या निवडणुकीतले आपले संभाव्य प्रतिस्पर्धी बायडेन यांच्या चौकशीची मागणी केली होती. पैसा सुटला ११ सप्टेंबरला. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि शस्त्रखरेदीचे करार दोन-तीन आठवड्यांत उरकत नाहीत. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चाविना राहिले, काँग्रेसला मुदत वाढवून द्यावी लागली.

१९७४ च्या कायद्यानुसार पैसा रद्द करायचा तर काँग्रेसला प्रस्ताव पाठवावा लागतो. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत मान्यता नाही मिळाली तर पैसा सोडावाच लागतो. नुसता लांबवायचा तरी कळवावं लागतं, आणि ‘धोरण पटत नाही’ हे कारण चालत नाही. आपल्या कॅगसारख्या तिथल्या संस्थेनं जानेवारी २०२० मध्ये कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. सिनेटनं (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहानं) फेब्रुवारीत ट्रम्प यांना याच प्रकरणावरच्या महाभियोगातून मुक्त केलं, तरी तो निष्कर्ष कायम आहे.

चिकोडीचा वाचक: सर, तुमचं पटतं, पण म्हणून दबावच चूक असं म्हणू नका. इजिप्तला वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत मिळते, तिच्या काही भागाला मानवी हक्कांची अट खुद्द काँग्रेसच घालते. मे २०२४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी गाझातल्या रफाहवरच्या हल्ल्याच्या काळजीनं इस्रायलला जाणारे दोन हजार पौंडी बॉम्ब थांबवले, आणि कारण उघड सांगितलं. मागणी देशाच्या धोरणाची आहे की स्वतःच्या निवडणुकीची, वाद तिथं न्या. माझ्या मते दुसरी मागणी कुठल्याच राष्ट्राध्यक्षाला माफ नाही.

बेळगाव_संरक्षण: दबावाचा उपयोग होतो का, हेही बघा. तुर्कस्ताननं सायप्रसमध्ये सैन्य घुसवलं म्हणून १९७५ मध्ये त्याची अमेरिकी शस्त्रं बंद झाली (ती काँग्रेसनं केली, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा विरोध होता). तुर्कस्ताननं सैन्य हलवलं नाही, उलट अमेरिकी तळांचं काम थांबवलं. १९७८ मध्ये बंदी उठली. अणुकार्यक्रमावरून १९९० पासून पाकिस्तानची, पैसे भरलेली एफ-१६ विमानं अडकली, तरी १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्याच. १९६५ च्या युद्धात अमेरिकेनं भारत-पाक दोघांवर घातलेल्या शस्त्रबंदीत, पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकी असल्यानं पाकिस्तानला जास्त फटका बसला, आणि तो चीनकडे वळला. सुटे भाग बंद झाले की रणगाड्याचं काय होतं, हे आपल्या भागातल्या कुणाही निवृत्त फौजीला विचारा. अडचण झालेला देश पुढची खरेदी दुसरीकडून करतो, आणि तो दबाव पुन्हा वापरता येत नाही.

निपाणीकर: संस्थेनं निष्कर्ष दिला, मग शिक्षा कुणाला?

खानापूर_राज्यशास्त्र: त्या कायद्यात शिक्षेचं कलमच नाही. पैसा अडलेला असेपर्यंत ती संस्था कोर्टात जाऊ शकते. इथं निष्कर्ष येईपर्यंत पैसा सुटला होता.