सहीवालं रंगीत एचिंग : मूळ चित्र की नुसती कॉपी?

ठाणेकर : मित्राने हेटर या ब्रिटिश चित्रकाराचं रंगीत एचिंग (अ‍ॅसिडने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र) घेतलं. अतिवास्तववादी, अमूर्त, सगळा रेषांचा गुंता. खाली पेन्सिलने सही आणि 37/50. म्हणजे असेच अजून 49 कागद आहेत, मग हे मूळ कसं? छापील ते छापीलच. पैसे फक्त सहीचे.

जस्तशाई : "छापील ते छापीलच" वाचून डोकंच फिरलं. अहो, आधी चित्र काढलं आणि मग कॉप्या मारल्या असं नसतं, ते चित्र पहिल्यांदा कागदावरच जन्मतं. हेटरने 1927 मध्ये पॅरिसला वर्कशॉप काढलं, तेच पुढे आतेलिए 17, मिरो, अर्न्स्टसारखे चित्रकार तिथे काम करून गेलेत. 50च्या दशकात आपल्या मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेले कैको मोती आणि शांतिनिकेतनात शिकलेले कृष्णा रेड्डी तिथेच हेटरबरोबर एका प्लेटवर सगळे रंग चढवायचं तंत्र बसवत होते. अ‍ॅसिडने खोल-उथळ केलेली एकच प्लेट, शाईत जवसाचं तेल कमी-जास्त, कडक रोलर वरवर फिरतो, मऊ रोलर खड्ड्यात उतरतो, आणि पातळ शाई बसली तिथे घट्ट शाई चिकटतच नाही. हे सगळं प्रत्येक कागदाला पहिल्यापासून! कॉलेजात दिवसभर राबून माझे चार कागद धड निघायचे.

पार्लेकर : मेहनत मान्य. पण सहीवर विश्वास कसा ठेवायचा? दाली या स्पॅनिश चित्रकाराने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, 1974 मध्ये अँडोराच्या सीमेवर एका गाडीत असे 40,000 कागद पकडले.

जस्तशाई : एकाने केलं म्हणून सगळे चोर का? भिंग लावून बघा, ऑफसेटचे, म्हणजे यंत्रावर छापलेल्या नकलेचे, ठिपके दिसतात का. काठावर प्लेटचा दाब हाताला लागतो.

मडगावची : दाबाचं नाव काढलंत म्हणून सांगते. माझ्या वडिलांकडचं एचिंग मी फ्रेमला दिलं, त्या माणसाने "कडेचा पांढरा कागद जास्त होता" म्हणून कापून टाकला. सही गेली, नंबर गेला, दाबाची रेघसुद्धा अर्धी गेली. मी दुकानातच रडले.

पार्लेकर : बापरे. आमच्याकडे काचेला चिकटवून बसवलेलं, पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे तपकिरी ठिपके.

जस्तशाई : काच कधीच टेकू द्यायची नाही! मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही अ‍ॅसिड-फ्री. आणि बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल धरते.

ठाणेकर : फ्रेमचा धागा नंतर काढा. मडगावच्या ताई, सही कापली गेली, मग तुमच्या चित्राची किंमत गेली ना? म्हणजे माझंच खरं.

मडगावची : विकायची किंमत गेली. चित्र रोज बघते मी, तो निळा तसाच आहे. आणि कुणाच्या दुःखावर वाद जिंकू नये.

ठाणेकर : चुकलं, माफ करा. काल मित्राकडे भिंग घेऊन गेलो होतो. ठिपके नाहीत. पिवळ्याखाली काळी रेघ खरंच कागदाच्या वर उठलीये, हाताला लागते. छापील म्हणणं मागे घेतो, बस. सहीचे एवढे पैसे मात्र मला अजूनही पटत नाहीत.

जस्तशाई : नका पटू देऊ. मित्राला तेवढं विचारा, काच टेकलीये का.