अनुभव धागा: रत्नागिरी आपलीच, पण बघायची कधी?

रत्नागिरीत घर असलेल्या प्रत्येकाला सुट्टीच्या दिवसांत एक फोन येतोच. "दोन दिवस येतोय, काय काय बघून होईल?" उत्तरही तोंडपाठ असतं. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग, मत्स्यालय, भाट्ये आणि मग थेट गणपतीपुळे. ही ठिकाणं चांगलीच आहेत. पण इथे राहणाऱ्याला ठाऊक असतं की या गावात 'कुठे' जायचं याच्याइतकंच 'कधी' जायचं हे मोठं असतं. भरती आहे की सुकती, पाऊस लागायचाय की उघडलाय, होड्या दर्यावर आहेत की शाकारून ठेवल्यात, त्यावर तीच जागा निराळी होते.

म्हणून या धाग्यात याद्या नकोत. प्रत्येकाने आपली एक जागा सांगावी आणि तिची वेळ सांगावी. शहरातली असो नाहीतर तासाभराच्या अंतरावरची.

सुरुवात मी करते. माझी जागा रत्नदुर्ग, आणि वेळ पाऊस संपल्यानंतरची, नवरात्राच्या आसपासची. किल्ल्याचे तीन भाग: भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी आणि खालचा वस्तीचा पेठकिल्ला. बहुतेक लोक गाडीने वर जातात, देवीचं दर्शन घेतात, तटावर फोटो काढतात आणि उतरतात. मी म्हणेन, पेठकिल्ल्यातून चालत चढा. पावसाने हवा धुतलेली असते. तटावरून एका अंगाला मिरकरवाड्याच्या होड्या आणि त्यापलीकडे मांडवीची काळसर पुळण दिसते, दुसऱ्या अंगाला 'पांढरा समुद्र' नावाचा किनारा. एकाच गावाला दोन रंगांच्या वाळूचे दोन किनारे आहेत, हे तिथे उभं राहिल्यावर जसं कळतं तसं नकाशावरून कळत नाही. समोर १८६७ सालचं दीपगृह. नवरात्रात देवळात गर्दी असते, पण ती सगळी आपल्याच गावातली असते, आणि किल्ला त्या नऊ दिवसांत खऱ्या अर्थाने गावाचा होतो.

भाट्ये, निवृत्त शिक्षक

'कधी' विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी आम्हाला एक हिशोब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे गेलं की पूर्ण सुकती. थोडं इकडेतिकडे होतं, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की काम भागतं.

आता हाच हिशोब भाट्याच्या किनाऱ्याला लावा. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी सर्वांत मागे गेलेलं असतं, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. पुळण इतकी रुंद होते की सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत जायलाच वेळ लागतो. समोर सूर्य बुडत असतो आणि पाठीमागून चंद्र वर येत असतो. हे महिन्यातून एकदाच जुळतं आणि थंडीत सर्वांत छान दिसतं. त्या दिवशी भाट्याच्या पुलापासून चालत निघा आणि झरी विनायकापर्यंत जा. देवळापाशी गोड्या पाण्याचा झरा आहे, त्यावरून नाव. वाटेत नारळ संशोधन केंद्राची बाग लागते, बाहेरगावच्या माणसांना ती दाखवण्यासारखी आहे.

अष्टमीच्या संध्याकाळी आलात तर पाणी वर आलेलं असेल आणि तुम्ही म्हणाल, किनारा अरुंद आहे. किनाऱ्यावर तसा शिक्का मारून कोणी परत गेलं की मला वाईट वाटतं.

मिरकरवाडा

आमच्या बंदराकडे पाहुण्यांना कोणी आणत नाही, वास येतो म्हणून. मी या वाड्यात जन्मले, वाढले. माझ्या मते रत्नागिरी बघायची तर बंदर बघितल्याशिवाय ती पुरी होत नाही. घरोघरचं ताट इथून भरतं.

वेळ दोन आहेत. एक, होड्या लागतात तेव्हा. टोपल्या उतरतात, लिलाव बोलला जातो, बर्फ फोडणारे एका बाजूला, बायका आपापला वाटा घेऊन बसलेल्या. बांगडा, सौंदाळे, म्हाकूल, गेदर, हंगामाप्रमाणे काय आलंय ते डोळ्यांनी दिसतं. ज्यांना मासळी ओळखायची आहे त्यांनी आठवडाभर नुसतं येऊन उभं राहावं, ओळखता येईल.

दुसरी वेळ कोणाला सुचत नाही: जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा बंदर गप्प असतं असं लोकांना वाटतं. गप्प कुठलं, घरोघरी जाळी विणायला काढलेली असतात, होड्यांना रंग लागत असतो, इंजिनं उघडलेली असतात. माझे काका जाळं दुरुस्त करताना पायाच्या अंगठ्यात दोरा धरून बसत, तो वेग बघत राहावा असा. मग नारळी पौर्णिमा येते, सोन्याचा म्हणून सजवलेला नारळ वाजतगाजत निघतो आणि दर्याला दिला जातो. त्या दिवशी या. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, इतकंच सांगणं. काम करणाऱ्या बाईच्या तोंडासमोर न विचारता मोबाईल धरू नये.

शहर, शाळेत इतिहास शिकवते

थिबा राजाचा वाडा मुलांना दाखवायला मी पावसाळ्यात नेते. उन्हाळ्यात तो एक लाल, उतरत्या छपरांचा, कोरीव लाकडी खिडक्यांचा सुंदर वाडा वाटतो. पावसात तिथे उभं राहिलं की मुलं आपणहून विचारतात, "बाई, तो इथे करायचा काय?"

आणि तोच खरा प्रश्न आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला राणीसकट आणि मुलींसकट देशाबाहेर काढलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हे बंदर तेव्हा रेल्वेपासून दूर, पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे जगापासून तुटलेलं. कैदी ठेवायला अशी जागा सोयीची. पुढे सावरकरांनाही सरकारने १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, ते उगाच नाही. थिबाचा हा वाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. म्हणजे ज्या घरासाठी लोक त्याला ओळखतात त्या घरात तो सहा वर्षंच राहिला. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत जाऊ शकली. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू मात्र रत्नागिरीचीच झाली, इथेच मराठी बोलत म्हातारी झाली.

वाड्यावरून थिबा पॉइंटला लोक जातातच, भाट्याची खाडी आणि काजळी नदीचं वळण दिसतं. पण शिवाजीनगरची राजाची समाधी बघायला फारच थोडे जातात. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. मुलांना मी आधी समाधीकडे नेते, मग वाड्याकडे. असं केलं की वाडा बघताना ती गोंधळ घालत नाहीत.

टिळक आळीजवळ

वरच्या बाईंनी सावरकरांचा उल्लेख केलाच आहे, तर पतितपावन मंदिर राहू देऊ नका. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशांनी ते बांधलं आणि सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळं ठेवलं. गरिबीत वाढलेला रत्नागिरीचा मुलगा मुंबईत जाऊन बांधकामाचा मोठा ठेकेदार झाला, दादरच्या स्मशानभूमीसाठी जागाही त्यांनीच दिली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. टिळकांचं घर, जिथे २३ जुलै १८५६ ला ते जन्मले, तिथून पतितपावन चालत जाण्याइतकं जवळ आहे. सकाळी लवकर जा. कौलारू घर, अंगण, मागचा गारवा, आणि गर्दी नसेल तर अर्धा तास नुसतं ओटीवर बसता येतं.

पुण्यात असतो, गाव उक्षीच्या बाजूला

सडा! कोणीच कसं लिहिलं नाही? सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, आमच्या लहानपणी गुरं सोडायची जागा. त्याच कातळावर कोरलेली चित्रं आहेत हे जुन्या माणसांना माहीत होतं. ती कोणी पांडवांच्या नावावर, कोणी राक्षसांच्या नावावर सांगत. आता तीच कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात गावं आहेत, उक्षी आणि जांभरुणही. उक्षीला हत्ती आहे, भोवती गोल कठडा बांधलाय, त्यावरून पूर्ण आकृती नजरेत येते. राजापुरातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात असंख्य लहान प्राणी कोरलेले.

दोन वेळा लक्षात ठेवा. रेषा बघायच्या तर सकाळी किंवा कलत्या उन्हात, कारण उन्हाची तिरीप खोबणीत सावली पाडते आणि चित्र वर येतं. भर दुपारी पायाखाली असून दिसत नाही. दुसरी वेळ ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हा रेषांत पाणी असतं, पण सगळा सडा 'सीतेची आसवं' या इवल्या फुलांनी निळा-जांभळा झालेला असतो. आमची आजी त्या दिवसांत सड्यावरून जाताना चप्पल हातात घ्यायची.

आणि कळकळीने सांगतो, शिल्पावर चढू नका. जांभा दगड झिजतो. गाड्या सड्यावर घालू नका.

निवळी

छोटीच गोष्ट. पानवळचा रेल्वेपूल खालून बघा. ६४ मीटर उंचीचा आहे. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू जातात, खाली सगळं हिरवं, वर धुकं आणि त्यातून डबे निघतात. रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. आमच्या आधीच्या पिढीने मुंबईला जायला बोट आणि एसटी एवढंच पाहिलं.

मस्कत

इथे समुद्र आहे, पण समुद्राला लागून हिरवा डोंगर नाही. म्हणून सुट्टीत पहिल्या दिवशी आरे-वारे. गणपतीपुळ्याला महामार्गाने जाऊ नका, किनाऱ्याच्या रस्त्याने जा. चढ चढून वळण घेतलं की खाली दोन्ही पुळणी एकदम समोर येतात. पुळ्याला मी देवळाभोवतीच्या डोंगराची प्रदक्षिणा चुकवत नाही, कारण तिथे डोंगरच देव मानलाय. मग पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर. मुलीला तिथल्या भिंतींवरच्या कविता मोठ्याने वाचायला लावतो.

पुळ्याच्या पाण्यात मात्र उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. किनारा सरळ दिसतो पण पाणी ओढतं. जीवरक्षक जे सांगतील ते ऐका.

मांडवी

थिबा पॉइंटचा सूर्यास्त चांगला हे मान्य, पण मांडवीच्या जेटीवरचा आमचा. मे महिन्यात सूर्य किल्ल्याच्या बाजूला सरकलेला असतो, डिसेंबरात पावसच्या बाजूला. वर्षभर येणाऱ्यालाच हा प्रवास दिसतो. भेळ घ्या, कट्ट्यावर बसा, अर्धं गाव भेटतं.

आणि शिमग्याला या. बारा वाड्यांच्या भैरीबुवाची पालखी निघते तेव्हा शहर असं काही उरत नाही, सगळ्या वाड्या एकत्र होतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात.

धागाकर्तीकडून

भाट्याच्या सरांचा तिथीचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. पावस आणि पूर्णगडबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, तो घेऊन मुचकुंदीच्या मुखावरच्या पूर्णगडाला जाणारे इथे नक्की असतील. जयगडकरांनीही लिहा. तिथल्या दीपगृहाची आणि कऱ्हाटेश्वराची वेळ कोणती, तेही सांगा.