स्टॅम्प पेपरवर सही करू का? (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

बी-304: आईची सगळ्यांनी चौकशी केलीत, आभार 🙏 मनगटात प्लेट बसवली, उद्या डिस्चार्ज. आता नवीनच त्रांगडं. कॅबचा मालक हॉस्पिटलात येऊन गेला. पंचवीस हजार रोख देतो म्हणतो, पण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून पाहिजे. रात्री परत येणारे. काय करू?

ए-101 काका: घेऊन मोकळा हो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

सी-202: नक्की झालं काय होतं?

बी-304: नाशिकरोड स्टेशनवरून अ‍ॅपची कॅब केली होती. द्वारकेच्या अलीकडे टेम्पोने एकदम ब्रेक मारला, आमची गाडी मागून घुसली. कॅबवाला म्हणतो टेम्पोची चूक, टेम्पोवाला म्हणतो याची. आणि आईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मोबाइलवर काय आलं? 'तुमची राइड कशी होती? रेटिंग द्या.' भाडंही पूर्ण कापलं!

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: आत्ता कोर्टातून आले. सही अजिबात करू नकोस. आणि मोबाइलवरचं ते राइडचं बिल डिलीट करू नकोस. गाडी नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव, सगळं त्यात आहे. मावशी त्या गाडीत प्रवासी होत्या याचा तो पुरावा. आता सांग, एफआयआर झाला का?

बी-304: नाही ताई. हॉस्पिटलने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, केलीय म्हणे. खरं सांगायचं तर ड्रायव्हर चोवीस-पंचवीसचा पोरगा आहे, बाहेर बसून रडत होता. त्याच्या पोटावर पाय द्यायला नको वाटतं.

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. पैसे त्या पोराच्या खिशातून जात नाहीत. गाडीचा इन्शुरन्स चालू असला तर भरपाई कंपनी देते, थर्ड पार्टी विमा (दुसऱ्यांना झालेल्या नुकसानीचा) सक्तीचा आहे तो त्याचसाठी. मालकाला लिहून कशाला पाहिजे असेल? परमिट, फिटनेस, विमा, काहीतरी संपलेलं असणार, हा माझा अंदाज. केस झाली तरी कलम जामीनपात्र आहे, पोरगा लगेच आत जात नाही.

चूक कोणाची हे मावशींनी सिद्ध करत बसायची गरज नाही. दोन गाड्यांच्या चुकीत प्रवासी पूर्ण भरपाई कुठल्याही एकाकडे मागू शकतो, सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच सांगितलंय. हाड मोडलं की कायद्याने 'गंभीर दुखापत'. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली त्याला चूक न दाखवता अडीच लाख. त्याहून जास्त हवे तर कलम 166 खाली ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, अर्ज, मुदत सहा महिने. पण 164 चे पैसे एकदा घेतले की 166 चा अर्ज संपतो, म्हणून घाई करायची नाही. आधी हात किती वळतो ते कळू दे.

सेक्रेटरी: उद्या सकाळी पाणी कमी दाबाने येईल. कृपया टाक्या भरून ठेवणे.

ए-503: हॉस्पिटलचं बिल तर मेडिक्लेमने भरलं ना? मग तेच पैसे परत कसे मिळतील?

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: मिळतात काका. मार्च 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने निकाल दिलाय, मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. हप्ते आपण भरलेले असतात.

ए-503: हे माहीत नव्हतं.

डी-401 वहिनी: पण मावशी घरीच असतात ना, कमाईचं काय दाखवणार?

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: घरकामालाही किंमत धरतात वहिनी. 2021 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गृहिणीचं मानीव (अंदाजाने ठरवलेलं) उत्पन्न धरावं लागतं असं स्पष्ट म्हटलंय. सहा आठवडे पोळ्या लाटायला बाई ठेवाल, तिच्या पगाराची पावती ठेवा!

सी-202: माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे वकील आधी काही घेत नाहीत, जिंकलं की टक्के.

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: इथे टक्क्यावर केस घ्यायला वकिलांना बंदी आहे. दवाखान्याबाहेर कोणी 'तीस टक्क्यांत करून देतो' म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज द्यायचा.

बी-304: आणि अ‍ॅपवाली कंपनी? ती तशीच सुटणार?

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: 'आम्ही फक्त गाडी जोडून देतो' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षं मुदत आहे. पण आधी ट्रिब्युनल. अ‍ॅपवर लेखी तक्रार मात्र आजच टाक, उत्तराचा स्क्रीनशॉट ठेव.

ए-101 काका: बरं, मी म्हणालो ते मागे घेतो. सकाळी एफआयआरसाठी पोलीस ठाण्यात मी येतो सोबत. दहाला निघू.

बी-304: काका, नऊला निघू. अकराला डिस्चार्ज आहे. ताई, मालकाचा फोन येतोय.

अ‍ॅडव्होकेट ताई, ए-विंग: उचल. विम्याच्या कागदाचा फोटो पाठव म्हणावं, पुढचं मग बोलू. फोन स्पीकरवर ठेव, मी खाली उतरतेय.