मदत हवी आहे: टॅब घेऊ, पातळ लॅपटॉप घेऊ की थांबू?

हिशेबनीस
नमस्कार. उजवा खांदा गेला आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, पाठीवरचं ओझं कमी करा. सध्याचा लॅपटॉप जुना आणि जड आहे. टॅब घ्यावा की ते नवे एक किलोवाले लॅपटॉप? भाचा म्हणतो, थांब मामा, यंदा सगळं बदलणार आहे. शनिवारी पुण्याला जातोय, तेव्हाच घेऊन टाकायचा विचार आहे. कृपया फार तांत्रिक न बोलता एक नाव सांगा.

पिंपळपान
बजेट? काम काय करता? पडदा केवढा लागतो? एवढं तरी सांगा की राव.

सफरचंदाची_फोड
डोळे मिटून आयपॅड प्रो. २०२४ पासून तेरा इंची मॉडेल ५.१ मिलिमीटर जाड आहे, वजन ५७९ ग्रॅम. अकरा इंची तर ४४४. पडदा ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा, तोही दोन थर एकावर एक ठेवलेला, त्यामुळे उजेडात फिका पडत नाही. आणि "टॅबवर खरं काम होत नाही" हे रडगाणं आता बंद करा. आयपॅडची नवी प्रणाली आयपॅडओएस २६, तिच्यात अॅपच्या खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात, वर मेन्यूची पट्टीसुद्धा आली आहे.

खडूस_खेडकर
कीबोर्डाचं वजन सोयीस्कर विसरलात. तेरा इंचीला कंपनीचा कीबोर्ड लावा आणि मग काट्यावर ठेवा. अॅपलच्याच मॅकबुक एअर लॅपटॉपच्या वजनाला जाऊन टेकतो. मग एअरच का घेऊ नये? पातळपणाची ही शर्यत कोणासाठी चालू आहे कळत नाही. पाच मिलिमीटरचा चार करून माझं काय भलं होणार? त्यापेक्षा तो एक मिलिमीटर बॅटरीला द्या.

रेडमीवाला
@हिशेबनीस, भाचा बरोबर बोलतोय. गूगल लॅपटॉपची क्रोमओएस आणि फोनची अँड्रॉइड एकत्र आणतंय, हे त्यांनी २०२५ मध्ये उघडच सांगितलं. म्हणजे फोनवरची अॅपं, टॅब आणि लॅपटॉप, सगळ्याला एकच पाया. सॅमसंगचा फोन मोठ्या पडद्याला जोडून संगणकासारखा वापरायची जी डेक्स नावाची सोय आहे, तिच्या धर्तीवर अँड्रॉइडमध्येही मोठ्या पडद्यासाठी खिडक्या येतायत. थांबा. आज घेतलेलं दिवाळीला शिळं होईल.

पिंपळपान
दिवाळीला पुढच्या दिवाळीचं दाखवतील. धागाकर्ते, काम काय ते सांगा हो.

हिशेबनीस
अहो काम म्हणजे नेहमीचंच! टॅलीवर हिशेब ठेवणं, एक्सेल, रिटर्न भरणं. चिपळूणला राहतो, गुहागर-खेड भागात लोकांकडे एसटीने जावं लागतं. बजेट लाखाच्या आत. एवढ्या सगळ्या चौकशा कशाला? कोणता चांगला एवढंच विचारलं होतं.

खडूस_खेडकर
टॅली! सहाव्या प्रतिसादात टॅली! @सफरचंदाची_फोड, @रेडमीवाला, उठा आता. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. दूरच्या सर्व्हरवर ठेवून टॅबवरून वापरणारे आहेत, पण गुहागरच्या एसटीत नेटवर्क कशाला म्हणतात ते यांना विचारा.

निळीशाई
विंडोज हवं असेल तर स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवाली यंत्रं बघा. जून २०२४ मध्ये बाजारात आली. बॅटरी दिवस काढते, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही, एक किलोच्या आसपासची मॉडेलंही आहेत. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' या एआय-लॅपटॉपच्या वर्गाची अट पूर्ण करतात: १६ जीबी रॅम, आणि एआयसाठी वेगळा भाग, सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा. भविष्यासाठी तयार.

खडूस_खेडकर
४० लाख कोटी क्रिया करून हिशेबनीस काय करणार? जीएसटीचे १८ टक्के काढणार?

निळीशाई
उगाच खिल्ली नको. बोललेलं टिपणं, जुनं शोधणं अशी कामं इंटरनेटशिवाय यंत्रातच होतात, ग्राहकाचा डेटा बाहेर जात नाही. हिशेबाच्या धंद्यात हा मुद्दा छोटा आहे का?

सदाशिव_आजोबा
तुम्हा मुलांचं वाचून गंमत वाटते. हलकं यंत्र हे स्वप्न जुनं आहे. २००७ चा ईईई पीसी हा असूसचा चिमुकला लॅपटॉप किलोच्या आत होता. वजनाचा प्रश्न तेव्हाच सुटला होता म्हणा, फक्त सात इंची पडद्यावर एक्सेलचे रकाने मावत नसत. त्याच वर्षी आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या उपक्रमाची भारतातली पहिली चाचणी झाली. हिरवी-पांढरी यंत्रं, कानासारखे दोन अँटेना. पडद्यामागचा दिवा बंद केला की तो काळा-पांढरा होई आणि भर उन्हात वाचता येई. आज लाखाचं यंत्र घेऊन अंगणात बसा, स्वतःचं तोंड दिसतं! नंतर २०११ मध्ये सरकारचा स्वस्त आकाश टॅब आला, त्याचा पडदा नखाने दाबून दाबून नख दुखायचं. तर सांगायचं काय, जाहिरातीतलं भविष्य आणि हातातलं यंत्र यांची गाठ क्वचित पडते.

चक्रमचकली
आजोबा, दंडवत. वाचनखूण साठवली. (उत्तर मात्र मिळालं नाही.)

हिशेबनीस
मंडळी, निळीशाई म्हणतात ते पटतंय. जवळजवळ ठरलंच. फक्त त्यात डिजिटल सहीचं डोंगल, ते यूएसबीत खुपसायचं, चालेल ना? कंपन्यांची रिटर्नं त्याशिवाय जात नाहीत.

डोंगरची_मैना
थांबा!! पैसे भरू नका. मीही हेच काम करते, म्हणून सांगते. त्या यंत्रातला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, फोनमध्ये असतो तसा, इंटेलपेक्षा वेगळी भाषा बोलणारा. नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम त्यावर दुभाष्या बसवून चालवले जातात, बहुतेक नीट चालतात. पण ड्रायव्हरला, म्हणजे डोंगलसारखी वस्तू यंत्राला ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रॅमला, हा दुभाषा मिळत नाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, तो एआरएमसाठीच वेगळा बनवलेला असावा लागतो. तुमच्या डोंगलचा तसा ड्रायव्हर निघाला आहे का, हे आधी बघा. जुन्या प्रिंटरचं आणि स्कॅनरचंही तेच. रिटर्नची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा आणि डोंगलचा दिवा लागत नाही, हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

निळीशाई
मान्य. डोंगल आहे हे आधी सांगितलं असतं तर मी सुचवलंच नसतं.

हिशेबनीस
टॅली म्हटलं की डोंगल आलंच की हो. वेगळं काय सांगायचं?

डोंगरची_मैना
इंटेलचेच हलके लॅपटॉप घ्या मग. कोअर अल्ट्राची २०० व्ही मालिका २०२४ मध्ये आली, तिच्यात वीज वाचवण्यावरच भर आहे. दुभाष्याची भानगड नाही. पण रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात असते, नंतर वाढवता येत नाही. १६ की ३२ ते दुकानातच ठरवा. त्यांची पुढची पिढी जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासला आली, तिच्यात रॅम परत बाहेर काढली आहे. तिच्यासाठी थांबाल तर रॅमचे भाव बघा, २०२५ च्या अखेरीपासून चढतायत. एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळा माल उचलतात.

श्टुटगार्टची_सून
मी तर म्हणेन एक वर्ष थांबा. इथे युरोपात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं आहे. टॅबसाठी जून २०२५ पासून नियम आहे की ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीत ८० टक्के दम उरला पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. डिंकाने चिकटवलेल्या बॅटऱ्यांचे दिवस भरले.

खडूस_खेडकर
चिपळूणच्या माणसाला श्टुटगार्टचा कायदा?

श्टुटगार्टची_सून
कंपन्या दोन बाजारांसाठी दोन साचे सहसा पाडत नाहीत. आयफोनला यूएसबी-सी आली ती कोणामुळे? ती चिपळूणलाही पोचलीच ना? बाकी माझा नवरा ई-शाईच्या, म्हणजे कागदासारख्या पडद्याच्या, टॅबवर लिहितो, डोळ्यांना फार बरं...

पिंपळपान
ई-शाईवर टॅली नको. धागा भरकटतोय. @हिशेबनीस, एक काम करा. पाठपिशवी रोज जशी भरता तशी भरा आणि वाण्याच्या काट्यावर ठेवा. मग एकेक वस्तू काढत आकडे लिहा. नुसत्या लॅपटॉपवर राग काढू नका.

रेडमीवाला
वजनकाट्याचा काय संबंध? प्रश्न टॅबचा आहे.

हिशेबनीस
सकाळी केलं. वाणी हसत होता. एकूण ६ किलो ७०० ग्रॅम. त्यात लॅपटॉप २.२, चार्जर अर्धा किलो, डबा आणि पाण्याची स्टीलची बाटली १.६. उरलेले २ किलो ४०० ग्रॅम लोकांच्या फायली आणि बिलांचे गठ्ठे. म्हणजे कागदच लॅपटॉपपेक्षा जड निघाले. बायको म्हणाली, मी हे कधीपासून सांगतेय.

डोंगरची_मैना
वहिनींना नमस्कार. किलोभराचा लॅपटॉप घेतलात तर तिथे सव्वा किलो वाचतो. यूएसबी-सीवर चालणारा असेल तर फोनचा ६५ वॅटचा छोटा चार्जर बहुतेक पुरतो, आणखी तीन-साडेतीनशे ग्रॅम गेले. पण बिलांचे फोटो गुहागरलाच काढून घ्या, गठ्ठे तिथेच राहू द्या. फोनचा कॅमेरा पुरतो, त्यासाठी टॅब लागत नाही. आणि शनिवारी डोंगल खिशात घेऊन जा. दुकानातच ड्रायव्हर टाकून दिवा लागतो का बघा. नाही म्हणाला दुकानदार, तर दुसरं दुकान.

हिशेबनीस
पुण्याहून परतीच्या गाडीत लिहितोय. पहिल्या दुकानात डोंगल लावू दिलं नाही, सीलबंद माल म्हणाले. दुसऱ्याने मांडलेल्या यंत्रावर लावू दिलं, दिवा लागला, चाचणीची सही झाली. इंटेलचाच घेतला, १ किलो १०० ग्रॅम, ३२ जीबी. लाखाच्या थोडं वर गेलं. चार्जर फोनएवढाच आहे. बिलांचे फोटो पाठवा म्हणून तीन जणांना फोन केले. दोघे हो म्हणाले. गुहागरचे शेठ म्हणाले, कागद हातात घेतल्याशिवाय हिशेब झाल्यासारखा वाटत नाही, तुम्ही या आणि घेऊन जा. त्यांचा एकट्याचाच गठ्ठा किलोभर असतो.

सफरचंदाची_फोड
शेठना आयपॅड द्या.