मदत हवी आहे: परसात ग्रीनहाऊस नेमकं कुठे उभारू?

आठ बाय दहा फुटांचा सांगाडा आणलाय. दुहेरी पदराचे पॉलिकार्बोनेट पत्रे महिनाभर भिंतीला टेकून उभे आहेत आणि घरातले रोज विचारतात, 'हे इथून कधी हलणार?' जागा मात्र ठरत नाही.

पहिली जागा घराच्या पूर्व भिंतीला लागून. सकाळी लख्ख ऊन, पण साडेबारानंतर घराचीच सावली. नळ जवळ आहे, हा मोठा मोह. दुसरी जागा परसाच्या टोकाला. दक्षिणेला शेजाऱ्यांची तीन मीटर उंच भिंत, ग्रीनहाऊसपासून तीनच मीटरवर. पश्चिमेला पानगळीचं एक झाड. आत्ता मे महिन्यात तिथे दिवसभर ऊन असतं, म्हणून मन तिकडे ओढ घेतंय. टोमॅटो आणि सिमला मिरची थंडीतही घ्यायची आहे. काय करू?

प्रतिसाद

मे महिन्याच्या उन्हावर अजिबात विसंबू नका. आत्ता सूर्य डोक्यावर आहे, भिंतीची सावली तिच्या पायाशीच पडते. तुम्ही उत्तर गोलार्धात आहात असं धरतो. मग 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेला सगळ्यात खाली असेल. 90 मधून तुमच्या गावाचा अक्षांश आणि वर साडेतेवीस वजा करा, म्हणजे त्या दिवशी भर दुपारी सूर्य किती अंशांवर असेल ते कळेल. 40 अंश आले तर तीन मीटर भिंतीची सावली साडेतीन मीटरच्या पुढे जाते, 30 आले तर पाचच्या पुढे. शिवाय हिवाळ्यात सकाळी नऊला आणि दुपारी तीनला भिंतीची सावली दुपारपेक्षाही आत सरकते.

डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर एक गंमत करा. जूनच्या पौर्णिमेचा चंद्र आकाशात जवळपास डिसेंबरच्या सूर्याच्याच वाटेने जातो, पाचेक अंश इकडेतिकडे. मध्यरात्री आणि तिच्या आधी-नंतर तीनेक तासांनी भिंतीची सावली कुठवर येते तिथे खुंट्या ठोका.

घरालगतची जागा मी सोडून देईन. फळभाज्यांना निदान सहा तास थेट ऊन लागतं, आणि तुमचे पत्रे नवे असले तरी साधारण पाचवा हिस्सा उजेड बाहेरच अडवतात. थंडीतल्या अर्ध्या दिवसाच्या उन्हात पालक, मेथी होईल. टोमॅटो नुसता उंच वाढेल. नळाचं काय, पाइप लांब घेता येतो. ऊन कुठून आणणार?

धागाकर्ता

पौर्णिमेला रात्री तीन वेळा उठून खुंट्या ठोकल्या. (घरच्यांनी माझ्याबद्दल काय ठरवलंय ते विचारू नका.) सावली चार मीटरपर्यंत आली, म्हणजे आधीच्या जागेवर पुढची अख्खी रांग अंधारात गेली असती. आता दीड मीटर उत्तरेला सरकवतोय. पण तिथे दुपारी तीननंतर झाडाची सावली येते. चालेल?

प्रतिसाद

चालेल. उन्हाळ्यात ग्रीनहाऊस भट्टीसारखं तापतं, तेव्हा ती सावली हवीशीच वाटेल. थंडीत पानं गळतात, तरी फांद्या थोडं ऊन खातातच; ग्रीनहाऊसकडे झुकलेल्या तेवढ्या छाटा. आणि छपरावर पडलेली पानं झाडत राहा.