विषय: बॅनरवरचा 'कार्पोरेशन' शब्द – प्रेसवाला थांबलाय

अण्णा, शहापूर

मंडळी,
प्रेसवाल्याचे सकाळपासून तीन फोन झाले. संध्याकाळपर्यंत मजकूर दिला नाही तर रविवारच्या आत फ्लेक्स मिळणार नाही म्हणतोय. बैठकीत आपल्या वादविवाद स्पर्धेचा विषय ठरला तो असा: 'बलाढ्य कार्पोरेशन सरकार ताब्यात घेऊ शकते का?' परदेशातल्या मंडळींनी सुचवलेला, बक्षीसही त्यांचंच, म्हणून तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. आज प्रेसवालाच हसायला लागला. "कार्पोरेशन कसलं सरकार ताब्यात घेतंय ओ अण्णा, गल्लीतली गटार काढायला आठ दिवस लावतंय." बेळगावात कार्पोरेशन म्हणजे एकच की, महापालिका. बदली शब्द सुचवा.
दुसरं, कर्नाटकातल्या नियमानं फलकावर कन्नड साठ टक्के हवी. ती ओळ कोण देणार? गेल्या खेपेसारखी हॉलच्या दारात हुज्जत नको.

राव, अनगोळ

अण्णा, विषय उलटा करा म्हणजे बरोबर होईल. 'सरकार कार्पोरेशन ताब्यात घेऊ शकते का?' त्याला वाद कशाला, आपण दोनदा बघितलंय, २००५ ला आणि २०११ ला. पालिका बरखास्त, प्रशासक खुर्चीत. मी तेव्हा त्याच इमारतीत टेबलाला होतो. सकाळी महापौरांच्या दारावरची पाटी काढताना एक स्क्रू काही निघेना, शेवटी शिपायानं तोडली.

अण्णा, शहापूर

राव, ते व्यासपीठावर नको हं. परवानगी सांस्कृतिक कार्यक्रमाची आहे.

दादा, मस्कत

नमस्कार. कार्पोरेशनच्या जागी 'कंपनी' घाला, संपलं. 'कंपनी सरकार ताब्यात घेऊ शकते का?' पण विषय तोच राहू दे. बक्षिसाचे पैसे जमवताना इथल्या सभासदांना मी हाच विषय सांगितलाय.
आणि हे काही हवेतलं नाही. ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट ही केळ्यांची अमेरिकी कंपनी सगळ्यात मोठी जमीनदार होती. १९५२ साली तिथल्या सरकारनं पडीक जमीन कुळांना वाटायचा कायदा केला. भरपाई ठरली सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास. का, तर कर वाचवायला कंपनीनं स्वतःच जमिनीची किंमत तेवढी कमी दाखवली होती. मग मागणी आली एक कोटी अठ्ठावन्न लाखांची, तीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यामार्फत. त्या खात्याचे मंत्री डलेस पूर्वी ज्या वकिली फर्ममध्ये होते, तिची ही कंपनी अशील. त्यांचे धाकटे भाऊ सीआयएचे प्रमुख. १९५४ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ यांना पायउतार व्हावं लागलं. स्पर्धकांना हे उदाहरण आधीच पाठवा.

सर, टिळकवाडी

चि. दादा, उदाहरण छान. पण त्यात सरकार पाडलं ते दुसऱ्या सरकारनं. कंपनीनं फक्त पाडायला लावलं. विरुद्ध बाजूचा पोरगा हाच मुद्दा धरून तुझं उदाहरण खाईल.
आता तुझी ओळ मोठ्यानं वाच. 'कंपनी सरकार ताब्यात घेऊ शकते का?' कंपनी सरकार! जुन्या कागदांत इंग्रजांना हेच म्हणत. आपल्या भाषेत हे दोन शब्द दोनशे वर्षांपूर्वीच एकमेकांना चिकटलेत. बॅनर वाचणाऱ्याला कुठं तोडायचं तेच कळणार नाही. आणि कळलं, तर विरुद्ध बाजूनं बोलायचं काय?
आपल्याला ग्वाटेमालापर्यंत जायचीही गरज नाही. ईस्ट इंडिया कंपनी, १६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी काढलेली भागीदारी ती. १७६५ मध्ये बादशहाकडून बंगालची दिवाणी घेतली, म्हणजे सारावसुली. माझ्या मते कंपनीचं सरकार झालं ते त्या दिवशी, प्लासीला नव्हे. लढाई कुणीही जिंकतं, पण सारा गोळा करायला लागला की तो राजा. १८१८ ला पेशवाई बुडाली, त्याच साली कंपनीच्या मन्रोनं आपला बेळगावचा किल्ला घेतला. आणि १८२४ ला कित्तूर. देसाई वारले, दत्तक घेतलेला मुलगा होता. दत्तक खरा की खोटा हे ठरवायला कोण आला? धारवाडचा कलेक्टर थॅकरे, एका व्यापारी कंपनीचा पगारी नोकर! कित्तूरच्या वाड्याला वारस कोण, हे भागधारकांच्या माणसानं सांगायचं. दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करणारा डलहौसी यायच्या चोवीस वर्षं आधीची गोष्ट ही. २३ ऑक्टोबरला थॅकरे तिथंच मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ ला गेल्या.
मात्र दुसरी बाजूही आहे. याच कंपनीला १७७३ ला ब्रिटिश सरकारकडून चौदा लाख पौंड कर्ज घ्यावं लागलं. त्याच वर्षी तिला कायद्याची वेसण बसली, १८३३ ला व्यापार बंद झाला, १८५८ ला राज्यच काढून घेतलं. शेवटी सरकारनंच कंपनी खाल्ली.

अक्का, खानापूर

सर, सगळं सांगितलंत आणि रायण्णाला विसरलात. कित्तूरसाठी कंपनीशी लढलेल्या संगोळी रायण्णांना १८३१ ला फाशी दिली ती आमच्या नंदगडात. खानापूर तालुक्याचं नाव आलं की शहरवाल्यांचं पेन अडतंय की काय?
कन्नड ओळ मी देते. सूनबाई धारवाडची आहे. विषय एकदाचा नक्की करा.

सर, टिळकवाडी

अक्का, चूक कबूल. रायण्णांच्या नावानं एक बक्षीस ठेवू या का?

दादा, मस्कत

बक्षिसाचं नाव आधीच ठरलंय, कृपया.

मामा, चिकोडी

मी काही इतिहास शिकलेला नाही. चार एकर ऊस आहे, त्यावरनं सांगतो.
ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत बिल, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. मागच्या हंगामात माझं बिल अडीच महिने आलं नाही. कारखान्याचं नाव घेत नाही. वजनाच्या सगळ्या पावत्या दोरीत ओवून गेलो एका सरकारी ऑफिसात. कारकुनानं पावत्या चाळल्या, चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेबांना जाऊन भेटा की." मी विचारलं, कुठल्या साहेबांना, कारखान्याच्या का मतदारसंघाच्या? तर हसला. "मामा, एकच की ते."
ताब्यात घेणं म्हणजे एकाच्या हातातलं दुसऱ्यानं ओढणं. इथं हात एकच आहे. मग कोण कुणाचं ओढणार? तुमच्या पोरांना हे विचारा.

तात्या, निपाणी

मामा, ऊसवाल्यांना निदान आदेश तरी होता. आमच्या तंबाखूला तेवढंही नव्हतं. वखारवाला पोत्यात हात घालायचा, नाकाला लावायचा, भाव सांगायचा, आणि वर कटती. १९८१ ला शरद जोशींच्या मागं पुणे-बेंगलोर रस्त्यावर तीन आठवडे बसलो. मी तेवीस वर्षांचा, घरनं भाकरी यायची त्यात निम्मी धूळ. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. सरकारला व्यापाऱ्यानं विकत घेतलं होतं असं मी म्हणणार नाही, पुरावा नाही. पण त्या रस्त्यावर बंदुकीचं तोंड वखारीकडं नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

वहिनी, न्यू जर्सी

तात्या, वाचून गप्प झाले. माझे सासरे निपाणीचे, पण हे त्यांनी कधी काढलं नाही.
मुलांनी निवडणूक रोख्यांचाही अभ्यास करावा. आधी कंपनीला राजकीय पक्षांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी देता येत नव्हती. ती मर्यादा काढली, आणि रोखे आल्यावर कुणी कुणाला किती दिले हेही लोकांपासून झाकलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही रद्द केलं.

राव, अनगोळ

माझा स्क्रू चालत नाही, रोखे चालतात?

अण्णा, शहापूर

राव, तुमचा स्क्रू चहाच्या वेळी सांगा, सगळे ऐकतील. रोख्यांचं पोरं बोलली तर बोलू देत, परीक्षक आवरतील.
पाच वाजले. सरांचं म्हणणं बरोबर, 'कंपनी सरकार' शेजारी नको. असं घालतोय: 'खासगी कंपन्या सरकारवर ताबा मिळवू शकतात का?' दादा, विषय तोच आहे, रागावू नका. अक्का, कन्नड?

अक्का, खानापूर

'खासगि कंपनिगळु सरकारवन्नु वशपडिसिकोळ्ळबहुदे?'
कन्नड लिपीतला फोटो तुमच्या मोबाईलवर टाकलाय, प्रेसवाल्याला तोच द्या. सून म्हणते, शेवटचा शब्दच एवढा लांब आहे की साठ टक्के आपोआप भरतील.

दादा, मस्कत

चालेल. फक्त 'मिळवू शकतात का' च्या जागी 'मिळवतात का' केलं तर?

अण्णा, शहापूर

फ्लेक्स छापायला गेला.