स्टिअरिंग वळवताना पुढून 'खट्ट' असा आवाज

प्रश्न: माझ्या हॅचबॅकचे स्टिअरिंग गाडी उभी असताना पूर्ण वळवले की डाव्या चाकाकडून 'खट्ट' असा एकच आवाज येतो. गॅरेजमध्ये संपूर्ण स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचे वळण पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) बदलायला सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १: आवाज उभ्या गाडीत येत असल्यामुळे पहिला संशय स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरील स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडणीच्या) वरच्या माउंटवर, म्हणजे ती गाडीच्या सांगाड्याला जिथे बसवलेली असते त्या भागावर, आणि त्यातील बेअरिंगवर घ्यावा. बॉनेट उघडून माउंटच्या टोपीवर हात ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश वळवायला सांगा. बेअरिंग अडकत असेल, तर कॉइल स्प्रिंग पिळली जाऊन एकदम सुटते आणि तो धक्का तळहाताला स्पष्ट जाणवतो. ही तपासणी झाल्याशिवाय रॅकला हात लावू देऊ नका.

उत्तर २: सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत नेणारा सांधा) खराब असता, तर चालत्या गाडीत वळणावर लागोपाठ 'कटकट' ऐकू आली असती आणि बहुधा त्यावरच्या फाटलेल्या रबरी बूटमधून (आवरणातून) ग्रीस उडालेले दिसले असते.

उत्तर ३: वरील मताशी सहमत आहे, तरीही गाडी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे टोकाच्या गोल सांध्यात, ढिलेपणा आहे का, हे अवश्य पाहून घ्यावे. तसा आढळल्यास गाडी अजिबात चालवू नका, कारण तो जॉइंट निखळला तर चाकावर ताबा राहत नाही.